आधी म्हसरांचं बोला

प्रश्न : मी प्रयाग चिखलीचा. नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, राहायला फुलेवाडीत. आई-आबा गावातच असतात, सोबत दोन म्हशी आणि एक रेडी. आबांचं आयुष्य जनावरांत आणि वडगावच्या बाजारात गेलं. दर पावसाळ्यात पंचगंगा चढायला लागली की आमचं तेच भांडण. मी म्हणतो बाहेर पडा, ते म्हणतात बघू. २०१९ ला पाणी एकदम वाढलं, दोघांना बोटीतनं काढावं लागलं. म्हशी सोडून द्याव्या लागल्या, त्यातली एक परत मिळाली नाही. तरी आबा सुधारले नाहीत. गेल्या पावसाळ्यात फोनवर मी इतका ओरडलो की त्यांनी फोनच बंद करून ठेवला. या उन्हाळ्यात मी परस्पर म्हशींना गिऱ्हाईक बघितलं, ते त्यांना गावातनं कळलं. तेव्हापासून 'जेवलास का' एवढंच बोलतात. आमच्या कंपनीत एका ट्रेनिंगला, ओलीस सोडवणारे पोलीस कसं बोलतात ते शिकवलं. त्या युक्त्या आबांवर चालतील का? मृग तोंडावर आलाय.

उत्तर :

नमस्कार. चालेल. पण युक्ती म्हणून वापरायला गेलात तर पहिल्याच दिवशी फसेल. रुमालाखाली बोटं धरून ज्यानं जनावरांचे सौदे केले, त्याला समोरचा मनात भाव ठरवून आलाय हे तो उंबऱ्यात पाऊल टाकतो तेव्हाच कळतं. तेव्हा ट्रेनिंगमधली वाक्यं जरा बाजूला ठेवा. ते पोलीस तसं का बोलायला लागले, ते आधी बघू.

५ सप्टेंबर १९७२ ला, म्युनिकमध्ये ऑलिंपिक चालू असताना, इस्रायलच्या खेळाडूंना ओलीस धरलं गेलं. सुटकेचा प्रयत्न पार फसला आणि त्या सगळ्या प्रकरणात ११ खेळाडू-प्रशिक्षक जिवाला मुकले. त्या धक्क्यानंतर न्यूयॉर्कच्या पोलिसांनी ठरवलं, दार फोडण्याआधी बोलायला शिकायचं. हार्वे श्लॉसबर्ग हा डिटेक्टिव्ह मानसशास्त्रही शिकलेला होता. त्यानं आणि फ्रँक बोल्झ या अधिकाऱ्यानं १९७३ मध्ये या कामासाठी वेगळं पथक उभं केलं. त्याच वर्षी जानेवारीत ब्रुकलिनमधल्या एका खेळसाहित्याच्या दुकानात दरोडेखोर अडकले, आणि गोळीबारात एक पोलीस गेला. आपला माणूस गेल्यावर आत घुसून हिशेब चुकता करावा असं कुणालाही वाटेल. पण पोलीस थांबले. ४७ तासांनी प्रकरण मिटलं, ओलीस धरलेली माणसं जिवंत बाहेर आली. या पथकाचं ब्रीद आजही 'माझ्याशी बोला' हेच आहे. बोलायचं आतल्या माणसानं, पोलिसानं ऐकायचं.

पुढं एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेनं त्याची पायऱ्यांची रीत बसवली. तळाला नीट ऐकणं. त्याच्या वर, त्याला काय वाटतंय ते आपल्याला उमगलंय हे त्याला दिसणं. मग थोडा भरवसा. मग कुठं दोन शब्द सांगण्याचा अधिकार. आणि सगळ्यात शेवटी त्यानं आपलं वागणं बदलणं. घरात आपण खालच्या तिन्ही पायऱ्या सोडून थेट चौथीवर जातो. 'आबा, ऐका माझं, चला.' हे बोलणं चूक असतं असं नाही. त्याची वेळ आलेली नसते, म्हणून ते वाया जातं.

हे पोलीस आणखी एक पथ्य पाळतात. नातेवाइकांच्या हातात सहसा फोन देत नाहीत. बाहेर बायको रडत असते, भाऊ म्हणत असतो दोन मिनिटं मला बोलू द्या, माझं तो ऐकेल. तरी टाळतात, कारण आतल्या माणसाच्या रागाची मुळं पुष्कळदा त्याच नात्यात असतात आणि तो आवाज कानावर पडला की जुनं सगळं वर येतं. तुमच्या घरात मात्र फोन नातेवाइकाच्याच हातात आहे. म्हणजे तुमचं काम त्या पोलिसांपेक्षा अवघड आहे. हे मान्य केलंत तर स्वतःवरही जरा कमी चिडाल. तुम्ही 'पाणी वाढतंय' म्हणता तेव्हा आबांच्या कानावर नुसती पाण्याची बातमी पडत नाही. शहरात गेलेला, पगारदार झालेला पोरगा आपल्याला नदी शिकवतोय, हेही पडतं. ज्यांनी १९८९ पासूनचे सगळे पूर डोळ्यांनी बघितले, त्यांना ते सोसणं सोपं नाही.

आता मुख्य गोष्ट. पत्रातलं एक वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढं गेलात. म्हशी सोडून द्याव्या लागल्या, एक परत मिळाली नाही. मी तिथंच थांबलो.

पाणी गोठ्यात शिरलेलं असतं, दारात बोट लागलेली असते, बोटीत जनावराला जागा नसते. बांधून ठेवलं तर जनावर जागेवर बुडणार. म्हैस पोहते, हे प्रत्येक गोठेवाल्याला माहीत असतं, आणि तेवढ्या आशेवर तो दावं सोडतो. तुमच्या घरी ते कुणी सोडलं? बहुतेक आबांनीच. त्यानंतर त्या म्हशीबद्दल घरात कोण काय बोललं? पंचनामा झाला असेल, भरपाईचे कागद झाले असतील. पण आबांना कुणी विचारलं का, तुमच्यावर काय गुदरलं? तुम्ही लिहिलंय, 'तरी आबा सुधारले नाहीत'. मला वाटतं, त्या दिवसातून तुम्हा दोघांनी दोन वेगळे धडे घेतले. तुम्ही शिकलात, वेळेत बाहेर पडावं. आबा शिकले, आपण बाहेर पडलो की जनावर जातं. तुम्ही जितक्या जोरानं 'बाहेर पडा' म्हणता, तितकं त्यांना 'पुन्हा दावं सोडा' असं ऐकू येत असेल.

हा माझा अंदाज आहे. खरं काय ते आबाच सांगतील, आणि तेही विचारल्यावरच. म्हणून पहिलं बोलणं पुराचं नको, घर सोडण्याचं नको. म्हसरांचं बोला.

जा कधी? रविवारी दुपारी जेवायला बसल्यावर नको. तेव्हा सगळे समोरासमोर असतात, आई मध्येच भाकरी वाढते, आणि विषय निघाला की ताट सरकवून उठण्याची सोय असते. संध्याकाळी धारेच्या वेळी गोठ्यात जा. हात कामात असले की आपल्याकडची जुनी माणसं मोकळी बोलतात. वैरण टाका, शेण भरा, जे पडेल ते करा. मग सावकाश, खालच्या आवाजात विचारा.

'आबा, त्या पुरातल्या म्हशीचं विचारायचं होतं.'

'आता काय त्याचं.'

इथं गप्प बसायचं. ही शांतता तुम्हाला खायला उठेल. ती मोडायला तुम्ही 'नाही म्हणजे, यंदा पण पाऊस जास्त आहे म्हणतात' असं काहीतरी बोलाल, आणि हातातली वेळ घालवाल. वाटाघाटी करणारे पोलीस मुद्दाम असे थांबतात. आबांना बोलायचं असेल तर ते या पोकळीतच बोलतील.

'गाभण होती ती.'

'गाभण होती?'

एवढंच. त्यांचेच शेवटचे शब्द, हळू, प्रश्नासारखे. ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं असेल, आणि तिथं ते खोटं-खोटं वाटलं असेल. गोठ्यात वाटणार नाही, कारण तुम्हाला खरंच माहीत नव्हतं.

'सातवा लागलेला. तरी सोडली. दुसरं काय करणार हुतो.'

यावर तुमच्या तोंडी येईल, 'अहो आबा, त्यात तुमची काय चूक?' ते गिळा. चांगल्या मनानं बोललेलं असलं तरी त्या वाक्यानं दार लागतं, कारण विषय मिटवल्यासारखं होतं. त्याऐवजी दिसतंय तेवढं बोला : 'ते तुमच्या मनातनं जात नाही.' चुकीचं असेल तर आबा दुरुस्त करतील, 'तसं न्हाई रं,' म्हणून खरं काय ते सांगतील. म्हणजे चुकलात तरी बोलणं पुढंच जातं. समोरच्याच्या भावनेला असं साध्या शब्दात नाव देणं हे या पोलिसांचं रोजचं हत्यार आहे. २००७ साली मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचे स्कॅन काढून बघितलं. भावना दाखवणारे चेहरे बघताना त्या भावनेला शब्दात नाव दिलं, की भीती-धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी होते. आपल्या आज्या 'बोल बाई, मन मोकळं कर' म्हणायच्या, त्याला थोडा आधार आहे.

बाकी वेळ 'हं', 'व्हय', 'मग?' एवढं पुरे. आणि 'का' हा शब्द शक्यतो टाळा. 'का नाही आलात?' म्हटलं की माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि बचाव करायला लागतो. तेच 'त्या दिवशी काय काय झालं?' असं विचारलं तर तो सांगायला लागतो. 'शांत व्हा' तर कधीच म्हणू नका, त्यानं आजवर कुणी शांत झालेलं मी पाहिलेलं नाही. 'तुमचं बरोबर आहे, पण' हेही नको. त्या 'पण'च्या आधीचं सगळं पुसलं जातं. बोलणं उरकताना, आबा जे म्हणाले ते तुमच्या शब्दात त्यांना परत सांगा : 'म्हणजे जनावरांची सोय नसताना घर सोडायचं नाही, असं तुम्ही ठरवलंय.' त्यावर आबा 'व्हय, तेच म्हणतोय न्हवं मी इतकी वर्षं' असं म्हणाले, तर त्या दिवसाचं काम झालं. घरी या. त्याच दिवशी पुढचं काही मागू नका.

तरी एक गाठ आधी सोडवावी लागेल, ती गिऱ्हाइकाची. तुम्हाला बोचेल, पण स्पष्ट लिहितो, कारण यावर बाकी सगळं अवलंबून आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या वेको इथं एका पंथाच्या वस्तीला पोलिसांचा ५१ दिवस वेढा होता. एफबीआयचा वाटाघाटी करणारा गॅरी नोएसनर आणि त्याचे सहकारी फोनवर बोलून माणसं थोडी थोडी बाहेर काढत होते. त्यांच्या काळात ३५ जण बाहेर आले, त्यात बरीच लहान मुलं होती. पण त्याच वेळी पोलिसांचीच दुसरी फळी आतली वीज तोडत होती, त्यांच्या गाड्या रणगाड्यांनी बाजूला ढकलत होती, पुढं तर रात्रभर कर्कश आवाज लावत होती. आतल्यांनी काय समजायचं? एक माणूस गोड बोलतो आणि दुसरा गळा आवळतो. बोलणाऱ्यावरचा भरवसा उडाला. १९ एप्रिलला शेवट झाला तेव्हा ७६ माणसं मेली, त्यात मुलंही होती. इतक्या भयंकर घटनेशी तुमच्या घरची तुलना मी करत नाही. पण दाब आणि बोलणं एकाच हातानं चालत नाही, हे तिथून शिकण्यासारखं आहे. तुम्ही एकीकडं आबांना समजावत होता आणि दुसरीकडं त्यांची जनावरं विकायला निघाला होता. आबांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

त्याबद्दल थेट बोला, आणि कारणं देऊ नका. 'तुम्हाला न विचारता गिऱ्हाईक बघितलं. ते मी करायला नको होतं. म्हशी तुमच्या आहेत, तुम्ही म्हणाल तरच पुढं जाईल.' 'तुमच्या काळजीपोटी केलं' हे शेपूट जोडू नका. आणि शब्द दिलात तर पाळा. ओलीस प्रकरणात पोलीस शक्यतो खोटं बोलत नाहीत, कारण एक खोटं उघडं पडलं की पुढचं खरंही कुणी ऐकत नाही. तुम्हाला तर या माणसाशी जन्मभर बोलायचंय. गेल्या पावसाळ्यातल्या ओरडण्याबद्दलही सांगा, तेही स्वतःच्या बाजूनं : 'फोन लागला नाही तेव्हा मी रात्रभर जागा होतो. मला भीती वाटते.' ओरडण्यामागं भीती होती हे आबांना ठाऊक नसेल. त्यांच्या कानावर फक्त ओरडणं गेलं.

एवढं झालं की, म्हणजे आणखी एखाद्या भेटीत, मग सोयीचं बोला. इथं तुमच्यासमोर आबांचं ज्ञान आहे, ते वापरा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे तुम्हाला मोबाईलवर दिसतं. पण किती फुटाला गावाच्या कुठल्या रस्त्यावर पाणी येतं, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर आपल्याकडं फुगवटा कधी जाणवतो, हे आबांना सरकारी तक्त्यापेक्षा बारकाईनं माहीत आहे. तेव्हा आकडा तुम्ही सांगू नका. विचारा, 'किती फुटाला म्हसरं हलवायची?' माणसांचं नावच काढू नका. सोनतळीला तुमच्या भावकीत कुणाची जागा असेल, किंवा उंचावर एखाद्या पाव्हण्याचा गोठा असेल, तर पाऊस लागायच्या आत तिथं वैरण टाकून ठेवायची तयारी दाखवा. वाडं असेल, कडबा असेल, खर्च तुमचा.

आणि एक बारीक गोष्ट, जी शहरात राहून सुटते. जागा बदलली, हात बदलला की म्हैस पान्हा चोरते. चार-आठ दिवस दूध आटतं, डेअरीचं बिल पडतं. आबांच्या 'बघू'मध्ये हा हिशेबही असणार. 'धारेला मी येतो तिथं' असं त्यांना म्हणता येत असेल तर म्हशीसोबत आबाही हलले. म्हणजे त्यांना घर सोडायला लावायचं नाही, म्हशीमागं जायची वाट करून द्यायची. आबांचा मान राहतो, आणि आईही बाहेर पडते.

मदतीला कुणाला तरी घ्या. बोलणाऱ्या पोलिसाच्या शेजारी कायम दुसरा एक जण बसलेला असतो. तो समोरच्याशी बोलत नाही, फक्त ऐकतो आणि आपल्या माणसाचा आवाज चढला की चिठ्ठी सरकवतो. तुमची बहीण किंवा बायको तेवढं करू शकेल : तुमचा सूर बदलला की कोपराला हात लावायचा. आईला मात्र निरोप्या करू नका. 'तू सांग की आबांना' म्हणून तिच्यावर ढकललं की नदी चढते तेव्हा दोन्हीकडचं बोलणं तीच खाते. आणि तुमच्यातलं फारच ताणलेलं असेल तर आबांच्या जोडीचा, बाजारातला एखादा माणूस बघा, ज्याच्या शब्दाला ते मान देतात. त्याला आधी सगळं नीट सांगा, पण आबांना कळू न देता नको. परस्पर काही करण्याचं एकदा झालंय, दुसऱ्यांदा नको.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. ती पोलिसांनाही असते. बोलण्याला वेळ लागतो, आणि वेळ हाताशी असेल तोवरच बोलणं चालतं. पाणी अंगणात आलं, प्रशासनानं बाहेर पडायला सांगितलं, तर तिथं समजूत काढत बसायचं नाही. १०७७ वर जिल्हा आपत्ती कक्षाला किंवा ११२ ला फोन करायचा, आणि बोटवाल्यांचं ऐकायचं. त्या वेळी आबा रागावले तर रागावू देत. राग नंतर काढता येतो. म्हणून तर हे बोलणं आता, कोरड्यात व्हायला हवं.

शेवटी तुमच्या मनात येईल ती शंका. आबांनी आकडा फारच वरचा सांगितला तर? समजा म्हणाले, '४३ झालं की हलवू.' त्याच जागी घासाघीस करू नका, सौद्यात ते तुम्हाला ऐकायचे नाहीत. ४३ मान्य करून मनापासून विचारा, 'त्या वेळी रस्त्यावर पाणी असेल, तर म्हसरं कुठनं न्यायची आबा?' आणि थांबा. ते विचार करतील, एखादा रस्ता सांगतील, मग स्वतःच म्हणतील की तिथनं जमणार नाही, मग आकडा खाली आणतील. त्या रात्री आला नाही तर दोन दिवसांनी आणतील. जो आकडा त्यांच्या तोंडून येईल तो गोठ्याच्या भिंतीवर खडूनं त्यांनाच लिहू द्या.